बाजारभावाचं चित्र सर्व्हरनेच काढावं म्हणतोय, पण ४०४ येतंय आणि 'क्विंटल'ची वाट लागलीये

चाळीतला_कांदा (धागाकर्ता) | सोमवार, रात्री १०:४०

राम राम मंडळी. निफाड तालुक्यातला आहे. घरची शेती, आणि जोडीला तीन वर्षांपासून एक छोटंसं संस्थळ चालवतो. लासलगाव, पिंपळगाव, विंचूर, चांदवड, येवला इथले कांद्याचे भाव रोज लिलाव झाला की टाकतो. पण खरं सांगू का, लिंक कोणी उघडत नाही. लोकांना ग्रुपवर चित्र पाहिजे असतं. किमान, कमाल, सर्वसाधारण, आवक, संपलं. आतापर्यंत ते चित्र मी मोबाईलवर हाताने बनवायचो. गेल्या महिन्यात चुलत भावाच्या हळदीला मांडवाच्या मागे उभा राहून पाच बाजारांची पाच चित्रं केली, तेव्हा ठरवलं की आता हे काम सर्व्हरच्या गळ्यात.

पीएचपीमध्ये जीडी (चित्र काढायची लायब्ररी) वापरून स्क्रिप्ट लिहिली. १२०० बाय ६३० चं मोकळं चित्र आधी बनवून ठेवलंय, त्यावर आकडे छापते. ब्राउझरमध्ये स्क्रिप्टचं नाव टाकून, पुढे प्रश्नचिन्ह देऊन किमान-कमाल लिहिले की चित्र येतं. आता दोन अडचणी आहेत.

पहिली म्हणजे मला यूआरएल .पीएनजीने संपणारा पाहिजे. स्क्रिप्टचंच नाव बदलून .पीएनजी केलं आणि एनजिनएक्सला (माझा वेब सर्व्हर) सांगितलं की ही फाईल पीएचपीकडे दे, तर 'ॲक्सेस डिनाइड'. मग 'भाव' नावाच्या फोल्डरसाठी कॉन्फिगमध्ये वेगळा लोकेशन ब्लॉक (कोणता यूआरएल कुणाकडे जाणार ते सांगणारा तुकडा) लिहिला, तर ४०४, म्हणजे फाईल सापडलीच नाही.

दुसरी म्हणजे अक्षरं. 'क्विंटल' असं काही उमटतंय की बघवत नाही.

सर्व्हर १ जीबी रॅमचा, उबुंटू, एनजिनएक्स आणि पीएचपी चालवायला पीएचपी-एफपीएम. मोबाईलवरून लिहितोय म्हणून सगळं देवनागरीत, समजून घ्या.

---

खडूस_सर्व्हरवाला | सोमवार, रात्री ११:१५

ॲक्सेस डिनाइड आलं हे नशीब समज. एफपीएममध्ये 'सिक्युरिटी डॉट लिमिट एक्स्टेन्शन्स' नावाची सेटिंग असते. ती .पीएचपी सोडून दुसऱ्या कुठल्याही शेपटाची फाईल चालवू देत नाही. काही महाभाग सांगतील की त्या यादीत .पीएनजी टाक. टाकू नकोस. उद्या संस्थळावर फोटो चढवायची सोय दिलीस आणि कोणी फोटोच्या पोटात पीएचपी कोड भरून पाठवला, तर तुझा सर्व्हर तो इमानदारीत चालवेल. अपाचेवर पूर्वी लोक ॲडहँडलरने सगळ्या .पीएनजी फाइली पीएचपीला जोडून द्यायचे. तेही तसलंच.

ब्राउझरला शेपटीशी देणंघेणं नसतं. तो कंटेंट-टाइप हेडर, म्हणजे फाईल कोणत्या प्रकारची ते सर्व्हर उत्तरासोबत कळवतो ती ओळ, बघतो. त्यामुळे स्क्रिप्ट .पीएचपीच राहू दे, बाहेरचा यूआरएल काहीही असू दे, मधली गाठ एनजिनएक्स मारेल.

४०४ चं कारण मला न बघता माहीत आहे, तरी विचारतो. तुझ्या कॉन्फिगमध्ये कुठेतरी पीएनजी, जेपीजी, सीएसएस, जेएस यांच्यासाठी एक रेजेक्सवाला (नावाचा नमुना जुळवणारा) ब्लॉक आहे ना? ज्यात एक्स्पायर्स ३० दिवस वगैरे लिहिलेलं असतं?

---

चाळीतला_कांदा | सोमवार, रात्री ११:२२

आहे! कुठून तरी चिकटवलेला. तुम्ही काय अंतर्ज्ञानी आहात का राव?

---

खडूस_सर्व्हरवाला | सोमवार, रात्री ११:३५

नाही, हा खड्डा सगळ्यांनाच लागतो. आपल्याला वाटतं एनजिनएक्स ब्लॉक वरून खाली वाचत येतो. तसं नसतं. आधी तो साधे, म्हणजे सुरुवात जुळवणारे ब्लॉक बघतो आणि सर्वांत लांब जुळणारा लक्षात ठेवतो. पण लगेच वापरत नाही. मग रेजेक्सवाले तपासतो आणि त्यातला एक जरी जुळला तरी लक्षात ठेवलेल्याला बाजूला सारून त्याच्याकडे जातो. तुझी विनंती 'भाव' ब्लॉकला जुळली होती, पण शेवट .पीएनजी असल्याने रेजेक्सवाल्याने पळवली. त्याने डिस्कवर फाईल शोधली, सापडली नाही, ४०४.

उपाय दोन चिन्हांचा आहे. लोकेशन शब्दानंतर आणि /भाव/ च्या आधी ^~ टाक. याचा अर्थ, हा ब्लॉक जुळला की रेजेक्सकडे जायचंच नाही. आत ट्राय-फाइल्स लाव: पहिल्यांदा डिस्कवर त्या नावाची फाईल आहे का बघ, नसेल तर @बनव या नावाच्या ब्लॉककडे दे. त्या @बनव मध्ये एफपीएमकडे पाठव, आणि स्क्रिप्ट-फाइलनेम पॅरामीटरमध्ये तुझ्या एका स्क्रिप्टचा पूर्ण पाथ ठोकून लिही. यूआरएलवरून काढू नकोस. मूळ यूआरएल स्क्रिप्टला रिक्वेस्ट-यूआरआयमध्ये मिळतो, तिथून बाजाराचं नाव तोडून घे.

कॉन्फिग बदलल्यावर 'एनजिनएक्स -टी' चालवून तपास, मगच रीलोड. हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो.

---

चाळीतला_कांदा | मंगळवार, सकाळी ६:५०

४०४ गेलं! पण आता तुटक्या चित्राची खूण येतेय. फायरफॉक्स म्हणतो चित्रात चुका आहेत. स्क्रिप्ट तर कालपर्यंत चालत होती. रात्री फक्त नाव तोडायच्या चार ओळी वाढवल्या.

---

मी_चैत्राली | मंगळवार, सकाळी ९:१०

चाळदादा, त्या चार ओळी कुठल्या एडिटरमध्ये वाढवल्या? विंडोजचं नोटपॅड?

चित्र कर्लने उतरवा आणि हेक्सडंपमध्ये (फाइलीचे बाइट दाखवणारी आज्ञा) पहिली ओळ बघा. पीएनजीची सुरुवात ठरलेली असते: ८९ ५० ४-ई ४७. उजवीकडच्या रकान्यात एक टिंब आणि पुढे पी, एन, जी ही अक्षरं दिसली पाहिजेत. त्याआधी एक बाइट जरी आला तरी चित्र मेलं.

---

चाळीतला_कांदा | मंगळवार, सकाळी ९:४०

नोटपॅडच. आणि सुरुवातीला ई-एफ, बी-बी, बी-एफ असे तीन बाइट आहेत, मग तुम्ही म्हणता ते.

---

मी_चैत्राली | मंगळवार, सकाळी ९:५५

बॉम! यूटीएफ-८ ची खूणगाठ. 'यूटीएफ-८ बॉमसह' असं निवडून जतन झालं की फाइलीच्या डोक्यावर ते तीन अदृश्य बाइट बसतात. पीएचपीच्या दृष्टीने तो कोडच्या बाहेरचा मजकूर, म्हणून तो सगळ्यात आधी बाहेर पाठवला जातो. एरवी 'हेडर आधीच गेले' अशी तक्रार येते आणि चूक कळते. उबुंटूच्या पीएचपीत आउटपुट बफरिंग चालू असतं, त्यामुळे हेडर बरोबर जातो, चित्र मात्र बिघडतं. मी यात एकदा अख्खी दुपार घालवली आहे.

बॉमशिवाय जतन करा. फाइलीच्या शेवटची पीएचपी बंद करायची खूण काढूनच टाका, तिच्यामागे एखादी मोकळी ओळ राहिली की तीही बाहेर जाते. आणि या स्क्रिप्टमध्ये चुका पडद्यावर दाखवणं बंद करून लॉगमध्ये पाठवा. नाहीतर एखादी वॉर्निंग चित्राच्या बाइटांमध्ये मिसळते आणि दिसत कुठेच नाही.

अजून एक. कंटेंट-टाइप स्वतः लिहिताय ना? एनजिनएक्स शेपटी बघून टाइप लावतो तो फक्त डिस्कवरच्या फाइलींना. स्क्रिप्टकडून आलेल्याला तो हात लावत नाही, आणि पीएचपी आपणहून टेक्स्ट-एचटीएमएल पाठवते.

---

चाळीतला_कांदा | मंगळवार, सकाळी १०:२०

आलं हो ताई! आता फक्त अक्षरं राहिली. 'क्विंटल' असं दिसतंय: क, त्याच्या पायाशी हलन्ताचा शेपटा, मग अख्खा व, आणि त्याच्या*नंतर* वेलांटी. अनुस्वार भलतीकडेच. 'सर्वसाधारण'चा रफार उडून र पाय मोडून पडलाय. तीन वेगवेगळे फॉन्ट लावून पाहिले, तिन्हीत तेच.

---

वेलांटीप्रेमी | मंगळवार, दुपारी १:०५

फॉन्ट बदलून उपयोग नाही, कारण दोष फॉन्टचा नाही. आपण 'क्वि' टंकतो तेव्हा साठवलं जातं क, हलन्त, व, इकार, या क्रमाने. वेलांटी आधी काढायची, क अर्धा करून व ला चिकटवायचा, हे नियम फॉन्टच्या आतल्या तक्त्यांत असतात. ते वाचून अंमलात आणायला मध्ये एक वेगळा थर लागतो, आकारजुळणीचा. ब्राउझरांत आणि अँड्रॉइडमध्ये ते काम हार्फबझ करतं. पीएचपीसोबत येणारी जीडी तो थर वापरतच नाही. ती एकेक कोड घेते, फॉन्टमधला त्याचा ठोकळा उचलते आणि शेजारी ठेवते. इंग्रजीचं भागतं, आपलं नाही.

पायथनमधल्या पिलोमध्येही हीच गंमत आहे. तिथे राक्म नावाची लायब्ररी जोडली गेली तरच देवनागरी नीट येतं. पिलोच्या तयार पॅकेजात ८.२ पासून राक्म असते, पण ती चालायला सर्व्हरवर फ्रिबिडी लागते. ती नसेल तर पिलो मुकाट्याने साध्या पद्धतीवर घसरते, चूक म्हणून काही दाखवत नाही. माझ्या लॅपटॉपवर सुंदर अक्षर आणि सर्व्हरवर चिंध्या, हे त्यामुळे झालं होतं.

(अवांतर: राक्म हा अरबी शब्द, लिखाण किंवा आकडा या अर्थाचा. आपली 'रक्कम' त्याच मुळातली. कांद्याच्या पट्टीवर शेवटी लिहिलेली असते ती.)

तुमच्यासाठी माझा सल्ला, जीडी सोडाच. चित्राचा साचा एसव्हीजीत करा. एसव्हीजी म्हणजे साधा मजकूर. पीएचपीने त्यात आकडे भरायचे आणि आरएसव्हीजी-कन्व्हर्ट या आज्ञेने पीएनजी काढायचा. ती लायब्ररी अक्षरांसाठी पँगो वापरते आणि पँगोच्या पोटात हार्फबझ आहे. शिवाय आकडे उजवीकडून एका रेषेत आणायला जीडीत रुंदी मोजत बसावं लागतं, इथे टेक्स्ट-अँकरला 'एंड' लिहिलं की झालं. भरताना मजकूर एस्केप करा, नाहीतर 'आणि'च्या इंग्रजी खुणेवर साचा फुटेल.

फॉन्ट सर्व्हरवर बसवावा लागेल. एसव्हीजीत नुसतं नाव लिहून तो येत नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' फॉन्ट छान आहे, आकडे दुरूनही वाचता येतात. नोटो सान्स देवनागरीही चालेल. बसवल्यावर 'एफसी-लिस्ट'मध्ये नाव दिसतंय का बघा.

आणि एक हट्ट. टेक्स्टला एक्सएमएल-लँगमध्ये 'एमआर' ही भाषा द्या. फॉन्टमध्ये मराठी रूपं असतील तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. 'लाल कांदा' लिहिणार आहात, दोन-दोन ल आहेत.

---

चाळीतला_कांदा | मंगळवार, रात्री ९:३०

भो, काय सांगू! क्विंटल क्विंटलसारखं दिसतंय. आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, यात काय विशेष?

फक्त 'पांढऱ्या कांद्याचा' मध्ये रफार येतोय, पांढर्‍या नाही, 'या'च्या डोक्यावर.

---

वेलांटीप्रेमी | मंगळवार, रात्री ९:४५

तिथे टंकलेखनच चुकलंय. साधा र नाही, नुक्त्याचा ऱ पाहिजे, यूनिकोड ०९३१, मग हलन्त, मग या. डेटाबेसमधला शब्द दुरुस्त करा. ही चूक मात्र कुठलीही लायब्ररी ओळखणार नाही.

---

जुने_अण्णा | बुधवार, सकाळी ७:१५

मजा वाटली वाचून. आमच्या वेळी हाच खेळ 'तुम्ही अमुकावे पाहुणे' या आकड्यासाठी चालायचा. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट सुरू केलं, त्यानंतर दोनेक वर्षांतली गोष्ट. पानाच्या तळाशी पाहुण्यांचा आकडा दाखवायचा म्हणजे सीजीआय स्क्रिप्ट, पान मागितलं की सर्व्हरवर चालणारी. चित्र काढायची लायब्ररी तरी कुठे होती हाताशी? मग एक्सबीएम वापरायचो. हा चित्राचा प्रकार म्हणजे चक्क सी भाषेतल्या कोडचा तुकडा, साधा मजकूर. प्रत्येक आकड्याचे ठिपके लिहून ठेवायचे आणि स्क्रिप्टने ते छापायचे. काळं-पांढरं, पण आकडा हलायचा!

पुढे जीडी हाताशी आली. तिच्यातली जीआयएफ लिहायची सोय १९९९ मध्ये काढून टाकावी लागली, कारण त्या दाबणीच्या पद्धतीवर युनिसिसचं पेटंट होतं. पेटंटची मुदत संपल्यावर २००४ मध्ये ती परत आली. मधल्या काळात कितीतरी स्क्रिप्टा एका रात्रीत बंद पडल्या. तुमच्या एसव्हीजीची कल्पना आवडली, आम्ही फिरून मजकुरावरच आलो म्हणायचे.

---

नुसताच_वाचक | बुधवार, दुपारी ४:००

इथे पहिल्यांदाच लिहितोय. चाळदादा, तुमच्या संस्थळावरच्या चित्राचा यूआरएल पाहिला. त्यात 'कमाल' पुढे आकडा दिसला म्हणून सहज तो बदलून ९९९९ केला. तुमच्या नावाचं, तुमच्या रंगाचं, आजच्या तारखेचं चित्र आलं. म्हणजे कोणीही तुमच्या नावाने कुठलाही भाव फिरवू शकतो.

---

चाळीतला_कांदा | बुधवार, दुपारी ४:०६

आई गं.

---

खडूस_सर्व्हरवाला | बुधवार, दुपारी ५:२०

हे माझ्या नजरेतून सुटलं, कबूल. यूआरएलमध्ये *काय छापायचं* हे कधीच नको. *कोणतं* छापायचं एवढंच असावं. बाजार ओळखीच्या यादीतला आहे का बघायचं, आकडे डेटाबेसमधून घ्यायचे. यादीत नसेल तर ४०४, मोकळं चित्रसुद्धा नाही. लांबी-रुंदीही यूआरएलमधून घेऊ नको. कोणी दहा हजार वेगवेगळी मापं मागितली की डिस्क भरली.

चित्रांच्या स्क्रिप्टांनी भलेभले झोपवलेत. २०११ मध्ये वर्डप्रेसच्या कितीतरी थीममध्ये असलेली टिमथंब नावाची स्क्रिप्ट फुटली. ती ठरावीक संस्थळांवरूनच चित्र आणते असं तिला वाटायचं, पण नाव तपासायची तऱ्हा अशी, की ओळखीचं नाव डोमेनमध्ये कुठेही आलं तरी चालायचं. चोरांनी तसली डोमेनं केली, आणलेली फाईल सर्व्हरवर जिथे साठायची तिथूनच चालवली. २०१६ मध्ये इमेजमॅजिक या चित्रं बदलायच्या साधनाचं तेच: चित्र म्हणून पाठवलेल्या फाइलीतून सर्व्हरवर आज्ञा चालत. तू बाहेरून चित्र घेत नाहीस, बरंय. पण आरएसव्हीजीला आज्ञा देताना यूआरएलमधला एकही तुकडा जसाच्या तसा शेलमध्ये जाऊ देऊ नकोस.

---

चाळीतला_कांदा | पुढच्या आठवड्यात, गुरुवार, रात्री ८:१५

घोळ झाला. तुम्ही सांगितलं तसं आकडे डेटाबेसमधून घ्यायला लागलो आणि यूआरएल एकदम सुटसुटीत केला, नुसतं लासलगाव डॉट पीएनजी. नवीन भाव भरला की डिस्कवरची जुनी फाईल स्क्रिप्ट पुसते, पुढच्या मागणीला नवी बनते. मी चारदा तपासलं, बरोबर चालत होतं.

आज सकाळी चांदवडच्या मामांनी काल संध्याकाळचा भाव बघून पिकअप भरला. म्हणजे त्यांना वाटलं कालचा. क्रोममध्ये आपलंच पान उघडलं होतं. पानावर खाली लिहिलेले आकडे नवे, वरचं चित्र तीन दिवसांपूर्वीचं. मामा चित्र बघतात, खालचं वाचत कोण बसतो? क्विंटलमागे जवळपास दोनशेचा फरक निघाला. मला काही बोलले नाहीत, नुसतं 'तुझं ते चित्र जुनं होतं रे' एवढंच. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

---

मी_चैत्राली | गुरुवार, रात्री ८:४०

^~ वाल्या ब्लॉकमध्ये तो एक्स्पायर्स ३० दिवस पण नेला होतात का?

---

चाळीतला_कांदा | गुरुवार, रात्री ८:४४

हो. जुन्या ब्लॉकमधून ओळी उचलल्या त्यात तीही आली.

---

मी_चैत्राली | गुरुवार, रात्री ९:००

मग सर्व्हरवर फाईल पुसून काय होणार. मामांच्या फोनला आपणच सांगितलं होतं की महिनाभर पुन्हा विचारू नकोस. फोनने शब्द पाळला. कॅश-कंट्रोलमध्ये नो-कॅश लिहा. नाव फसवं आहे, त्याचा अर्थ साठवू नको असा नाही, तर वापरण्याआधी दरवेळी विचार असा. चित्र बदललेलं नसेल तर सर्व्हर ई-टॅग (फाइलीची ओळखखूण) जुळवून ३०४, म्हणजे 'बदल नाही', असं उत्तर देतो, चित्राचे बाइट पुन्हा जात नाहीत.

---

खडूस_सर्व्हरवाला | गुरुवार, रात्री ९:३०

चैत्रालीचं ब्राउझरपुरतं बरोबर आहे, पण माझं मत वेगळं. व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की पाठवणाऱ्याचा फोन पान उघडून ते चित्र घेतो आणि निरोपासोबत पाठवतो. वाचणाऱ्याचा फोन तुझ्या सर्व्हरला काही विचारतच नाही. तो निरोप चार दिवसांनी दुसऱ्या ग्रुपवर ढकलला तरी आत चित्र तेच. तिथे तुझा कुठलाही हेडर पोचत नाही. फेसबुकही आपल्याकडे चित्र साठवून ठेवतं.

म्हणून एका यूआरएलला एकच चित्र, जन्मभर. तारीख यूआरएलमध्ये घाल, सकाळचा लिलाव की दुपारचा तेही घाल, आणि भरताना चूक होऊन आकडा सुधारला तर मागे आवृत्तीचा क्रमांक वाढव. मग एक्स्पायर्स ३० दिवस काय, वर्षभर ठेव. 'ताजं काय' हे सांगायचं काम पानाचं, आणि नो-कॅश लावायचं तर पानाला लाव. फाईल पुसायचीही गरज उरत नाही. पुढच्या तारखेचा यूआरएल कोणी मागितला तर ४०४.

फाईल लिहिताना आधी त्याच फोल्डरात तात्पुरत्या नावाने लिहून मग नाव बदल. नाहीतर अर्धी लिहिलेली फाईल ट्राय-फाइल्सला सापडते आणि अर्धं चित्र वर्षभरासाठी कुणाच्या तरी फोनात जाऊन बसतं.

---

मी_चैत्राली | गुरुवार, रात्री ९:४१

+१. व्हॉट्सॲपचं मी धरलंच नव्हतं.

---

चाळीतला_कांदा | रविवार, सायंकाळी ७:०५

केलं. तारीख, सत्र, आवृत्ती, सगळं यूआरएलमध्ये. चित्र ६०-७० केबीत बसतंय, पहिल्यांदा बनायला अर्धा सेकंदही लागत नाही, नंतर तर पीएचपी उठतही नाही. भाऊ म्हणाला थेट एसव्हीजीच का देत नाहीस, पण लिंकच्या चित्रात ती उमटली नाही, म्हणून पीएनजीच.

काल चांदवडला मामांकडे गेलो होतो. त्यांच्याच फोनवर नवं चित्र दाखवलं. त्यांनी फोन लांब धरला, जवळ आणला, चष्मा वर केला आणि विचारलं, "तारीख कुठंय?" तारीख होती, उजव्या कोपऱ्यात, फिक्या करड्या रंगात. मला ती 'डिझाइनला शोभते' म्हणून तिथे ठेवलेली. आता सगळ्यात वर, भावाच्या आकड्याएवढीच मोठी केलीये, वारासकट.

त्यामुळे गोल्टीच्या (बारीक कांद्याच्या) भावाला जागा उरली नाही. वेलांटीप्रेमी, मुक्तपेक्षा अरुंद पण ठसठशीत देवनागरी फॉन्ट आहे का एखादा?